वेशीच्या दगडावरील माप

मु. पो. नागलवेढे, ता. कर्जत
७ जुलै २०२५

चि. फैयाज हैदर शेख यास दुवा.

हे पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. वाटू द्यावेस. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. त्याचे कारण तुला ठाऊक आहे, आणि ते कारण अद्याप नगर-दौंड रस्त्यावरील एका हॉटेलच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहे. माझ्या आजोबांपासून चालत आलेली सुतारकामाची हत्यारे, वाकस, रंधा व पटाशी, तू शोभेसाठी त्या मालकास देऊन टाकलीस. "अब्बा, आता पाभरी कोण करतो? निदान चार लोक बघतील तरी," असे तू म्हणाला होतास. त्या विषयासाठी हे पत्र नाही.

मी चौकशीसाठी लिहीत आहे.

मला असे समजले आहे की संगणकातील कागदपत्रे कोणत्या रीतीने साठवावीत हे ठरविणाऱ्या एका राष्ट्रीय समितीवर तुझ्या पुण्याच्या कंपनीने तुला नेमले आहे. सप्टेंबरअखेर तेथे हात वर करून निर्णय होणार आहे. कोणत्या बाजूने हात वर करावयाचा हे कंपनीने तुला सांगून ठेवले आहे, आणि तेव्हापासून तुझे जेवणावर लक्ष नाही. हे मला कोणी कळविले ते विचारू नये.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, परंतु त्या काळची चौथी होती. विषय समजल्याशिवाय मी मत देत नाही. म्हणून विचारतो: कागद हा कागद. त्यावर जे लिहिले ते लिहिले. त्यात हात वर करण्याजोगे काय आहे?

ग्रामपंचायतीशेजारी ज्ञानेश्वरी ई-सेवा केंद्र चालविते. तिला मी हाच प्रश्न केला. तिने दहा वर्षांपूर्वी टाइप केलेली उरुसाची पत्रिका शोधून संगणकावर उघडली. पडद्यावर एकही अक्षर ओळखू येईना. कोंबडीने उकिरडा उकरावा तसे सर्व दिसत होते. "चाचा, जुन्या फायलींचं असंच होतं," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचा उताऱ्याचा अर्ज भरू लागली. तिला त्याचे नवल वाटले नाही याचे मला नवल वाटले. तुमच्या समितीत भांडण आहे ते हेच काय?

उत्तर हाताने लिहावेस. मोबाईलवर मी वाचत नाही. लिफाफ्यावर मी जिल्ह्याचे नवे नाव लिहिले आहे. तू जुने लिहिलेस तरी पोस्टमन अजिनाथ पत्र आणून देईल, कारण तो पिनकोड पाहतो.

हैदर उस्मान शेख

२४ जुलै २०२५

चि. फैयाज यास दुवा.

पत्र पावले. तुझे अक्षर पूर्वी बरे होते.

उरुसाच्या पत्रिकेचे दुखणे अक्षरांच्या जुन्या साच्याचे आहे, आणि तुमच्या समितीचा विषय निराळा आहे, हे तू लिहिलेस ते मान्य. मी चुकलो. बाकी जे समजले ते धड्याप्रमाणे परत लिहून दाखवितो.

संगणकात साठविलेला कागद म्हणजे सूचनांची पेटी असते. येथे ठळक अक्षर, येथे तक्ता, येथे परिच्छेद संपला. त्या सूचना कोणत्या रीतीने लिहाव्यात याचे एक पुस्तक आहे आणि ते सर्वांस खुले आहे. त्यामुळे कोणीही ते वाचून प्रोग्रॅम तयार करू शकतो, आणि आजचा सरकारी कागद पन्नास वर्षांनी, आजची कंपनी बुडाली तरी, उघडता येतो. आता परदेशातील एक मोठी कंपनी त्या पुस्तकास जाड पुरवणी जोडू इच्छिते. पुरवणीतील रीत तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमखेरीज कोणालाच नीट साधणार नाही, अशी काहींना शंका आहे. पुरवणी मंजूर व्हावी म्हणून समितीत एकाएकी नवे सभासद आले. ते बहुतेक तिचा माल विकणारे. तुझी कंपनी त्यांतलीच एक, आणि तू तिचा हात.

येथे चूक असल्यास लाल शाईने दुरुस्त करून पाठवावे. मला राग येणार नाही.

हे वाचताना मला आपल्या वेशीचा दगड आठवला. तू लहानपणी त्यावर बसून बोरे खात असस, म्हणून त्याचे काम तुझ्या लक्षात नसेल. त्या दगडाच्या वरच्या कडेला चार खाचा आहेत, एकमेकींपासून एकेका हातावर. पेरणीपूर्वी गावातील प्रत्येक पाभर तेथे आणून तिचे चार फण त्या खाचांत बसवून पाहावयाचे. बसले नाहीत तर पाभर माघारी सुताराकडे. असे केल्यामुळे गावातील सर्व शेतांत दोन ओळींमधील अंतर एकच राही, आणि तण काढण्यासाठी कोणाचेही कोळपे कोणाच्याही पिकातून चालत असे. माप चुकले तर कोळप्याची फास, म्हणजे खालचे लोखंडी पाते, तणाबरोबर पीकही कापते. तुझे ते खुले पुस्तक म्हणजे हा दगडच नव्हे काय?

आणि गेल्या वर्षी दगडाचे काय झाले तेही ऐक. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रांची एक एजन्सी गावात आली. मंदिराच्या सभामंडपात सभा घेतली. एक यंत्र गावास मोफत. मात्र गावाने यापुढे त्यांचेच अंतर धरावे. हात वर करा म्हणाले. मी मागे उभा होतो. वर झालेल्या हातांपैकी कित्येक हात मी गावात कधी पाहिले नव्हते. जेवण होते, म्हणून वाड्यावस्त्यांवरून टेम्पो भरून माणसे आणली होती.

छबूबाई तुला आठवत असेल, ओढ्याकाठच्या मळ्याची. ती एकटी उठली. तिचे शब्द शुद्ध नाहीत, पण बदलले तर अर्थ जाईल, म्हणून तसेच लिहितो. "पाभर तुमची, वावर माझं. मंग दोन वळीच्या मदल्या जागंवर राज कुनाचं?" एजन्सीचा मनुष्य हसला. म्हणाला, मावशी, जिलबी घ्या. त्यावर ती म्हणाली, "ती खाल्ली की हात आपुआप वर जातो काय रं?"

लोक हसले आणि ठराव मंजूर झाला.

तुझ्या समितीतही जिलबी वाटली जात असणार. तिचे नाव निराळे असेल. तू हात वर करू नयेस. हा माझा हुकूम समजावा.

हैदर उस्मान शेख

१२ ऑगस्ट २०२५

चि. फैयाज यास दुवा.

तुझ्या पत्रातील एक परिच्छेद मी पुन्हा वाचला. तो येथे उतरवितो, म्हणजे तू काय लिहिलेस ते तुलाही दिसेल.

"अब्बा, त्या खाचा पाडल्या कोणी? तुमच्याच आजोबांनी. मग गावातल्या सगळ्या पाभरी बनवायला कोणाकडे आल्या? आमचं खुलं पुस्तकही कोणी फरिश्त्यांनी लिहिलेलं नाही. या कंपनीच्या स्पर्धक कंपन्यांची माणसं तेव्हा टेबलावर होती. धुतल्या तांदळासारखं कोणीच नाही. मग मी एकट्यानं जागा कशासाठी घालवायची?"

पत्र घडी घालून ठेवले. दोन दिवस ते उघडले नाही. तुझ्या पणजोबांविषयी या घरात कोणी असे बोललेले नाही. परंतु प्रश्न खोटा आहे असेही मला म्हणता येईना. तेव्हा चौकशी करणे भाग होते.

त्यांना सुतारकाम करताना पाहिलेले आता गावात एकच माणूस उरले आहे. मी छबूबाईकडे गेलो. ती शेंगा निवडत होती. मी विचारले, खाचा आमच्या घराच्या फायद्यासाठी पाडल्या होत्या काय?

"मंग काय माझ्या फायद्यासाठी पाडल्या व्हत्या, मिस्त्री?" ती म्हणाली.

मी जाण्यासाठी उठलो. तिने बसविले. मग तिने जे सांगितले ते मला माहीत नव्हते. शेजारच्या वाडीचा सुतार दरवर्षी सुतळी घेऊन आपल्या वेशीत येई, खाचांना लावून माप घेई आणि परत जाऊन त्याच मापाच्या पाभरी करी. त्या आपल्यापेक्षा स्वस्त असत. गावातील निम्मे लोक त्याच्याकडे जाऊ लागले.

"तुझा आज्जा समोर बसून बगायचा. त्वांड असं, कारलं खाल्ल्यावानी. पर सुतळी लावू नगंस असं कुनाला म्हनला न्हाई. कसं म्हननार? दगुड येशीत हाय. चुलीमागं न्हाई."

हे तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी समजतो. खाच पाडणाऱ्याचा स्वार्थ होता. तुझे मत त्या बाबतीत खरे ठरले, आणि मी ते लेखी कबूल करीत आहे. परंतु खाच उघड्यावर असल्यामुळे त्या स्वार्थाला कारले खाऊन गप्प बसावे लागले. तेव्हा पुस्तक कोणी लिहिले हे विचारण्यापेक्षा सुतळी लावता येते की नाही, हे विचारलेले बरे.

याच कारणाने मी एजन्सीच्या कर्जतच्या दुकानात गेलो आणि त्यांच्या यंत्राच्या फणांमधील अंतर किती ते विचारले. तेथील मुलगा सभ्य होता. खुर्ची दिली. म्हणाला, "मापाचं काय करायचंय, चाचा? पार्ट आमच्याकडं मिळतो." मी म्हटले, मला पार्ट नको, माप हवे. त्याने आतल्या माणसास विचारले. आतल्या माणसाने सांगितले की अंतर मॉडेलप्रमाणे बदलते.

यंत्र मात्र चांगले आहे. वेल्डिंग साफ आहे. हे लिहिले नाही तर अन्याय होईल.

गेल्या आठवड्यात किरकोळ कामासाठी नगरला जाणे झाले. परत येताना एस.टी. चहाला थांबली, ती योगायोगाने त्याच हॉटेलपाशी. वाकस उलटी टांगली आहे. धार वर आणि दांडा खाली. मी वेटरला सांगून सरळ करविली. रंध्याला कोणीतरी व्हार्निश लावले आहे.

हैदर उस्मान शेख

२ सप्टेंबर २०२५

चि. फैयाज यास दुवा.

तुझे पत्र मी ज्ञानेश्वरीच्या केंद्रात बसून वाचले आणि इतका मोठ्याने हसलो की रांगेतील लोकांनी वळून पाहिले. हसण्याचे कारण तिला सांगावे लागले. मग तीही हसली.

तू पुरवणी मुळापासून वाचावयास घेतलीस हे फार चांगले केलेस. बाकीच्या सभासदांनी ती उघडलीही नसावी असे तू लिहितोस. आणि तिच्यात मध्येच तुला ती ओळ सापडली: येथे मजकुराची मांडणी कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होत असे तशी करावी. कशी होत असे, ते पुढे नाही, मागे नाही, कोठेच नाही. हजारो पानांचे पुस्तक आणि जे हवे तेच आत नाही. तू एकटाच तुझ्या टेबलाशी हसलास असे लिहिले आहेस. मी तुला सोबत केली असे समज.

हे त्या दुकानातील मुलाचेच बोलणे झाले. मापाचे काय करावयाचे, पार्ट आमच्याकडे मिळतो. पुण्यात आणि कर्जतमध्ये मनुष्य एकच उत्तर देतो याचे मला फार कुतूहल वाटले. त्यांना हे कोणी शिकवीत असेल, की विकणाऱ्याला ते आपोआप सुचते? तुझे मत कळवावे.

छबूबाईच्या मुगाचे काय झाले तेही तुला सांगावयाचे आहे. गेल्या वर्षी तिने ठरावाप्रमाणे एजन्सीचे यंत्र भाड्याने घेतले आणि त्याच मापाचे कोळपे विकत आणले. यंदा एजन्सीने नव्या मॉडेलने पेरून दिले. अंतर एका बोटाने निराळे निघाले. गेल्या वर्षीचे कोळपे यंदाच्या ओळींत घातले आणि पहिल्याच फेरीत कडेची ओळ कापली गेली. तिने बैल थांबविले आणि बाकीचे रान खुरप्याने काढले, वाकून, या वयात. मी विचारले तेव्हा म्हणाली, "ठरावात सालाचं नाव टाकाया इसारलो आपुन."

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या भागाविषयी. तुझ्या साहेबांनी तुला आत बोलावून सांगितले की हात वर झाला नाही तर समितीवरील जागा जाईल, आणि कंपनीतील जागेचेही सांगता येत नाही. हे तू दोन ओळींत लिहिलेस. मी त्या सावकाश वाचल्या.

मागे मी तुला हुकूम केला होता. तो करताना तुला काय गमवावे लागेल हे मी विचारले नव्हते. विषय समजल्याशिवाय मत देत नाही असे मी पहिल्याच पत्रात लिहिले, आणि दुसऱ्यात दिले. तो हुकूम मी मागे घेत आहे. हात तुझा आहे. तो वर गेला तरी हे घर तुझे आहे, आणि मी तुला त्याविषयी काही विचारणार नाही.

अक्षर मोठे आले आहे, त्याचे काही विशेष नाही. डोळ्याला थोडे दिवस चष्मा बदलून दिला आहे.

हैदर उस्मान शेख

२५ सप्टेंबर २०२५

चि. फैयाज यास दुवा.

तुझे पत्र नाही. पत्र न येणे हेही एक उत्तर असते असे लोक म्हणतात. मी तसे धरत नाही. पोस्टमन अजिनाथला दोनदा विचारले. तिसऱ्यांदा मी काही विचारण्यापूर्वीच त्याने दुरून हात हलविला.

येथे ज्वारीच्या पेरणीची तयारी चालू आहे. तुझी सभा याच आठवड्यात आहे हे मला माहीत आहे. त्याविषयी विचारणार नाही असे लिहिले होते, म्हणून विचारीत नाही.

एक गोष्ट मात्र शुद्ध कुतूहलाने विचारतो. त्या सभेत हात वर करावयाचा असतो की संगणकावर बटण दाबावयाचे असते? हात असेल तर बरे. हात सर्वांना दिसतो.

हैदर उस्मान शेख

११ ऑक्टोबर २०२५

चि. फैयाज यास दुवा.

तुझे पत्र काल आले. मजकूर मला आठ दिवस आधीच कळला होता. उझ्माने फोन केला होता. तुझी बायको मला पहिल्यापासून फोन करते, हे आता लपविण्यात अर्थ नाही. तिला रागावू नये. नगरला माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी तीच दवाखान्यात येऊन बसली होती आणि तुला सांगू नकोस असे मी तिला बजावले होते. तिने दोन्हीकडचे गुपित सांभाळले. असे माणूस समितीवर हवे.

तिने एवढेच सांगितले होते की हात वर झाला नाही. कसे घडले ते तुझ्या पत्रातून कळले. अध्यक्षांनी मत मागण्यापूर्वी तू एक प्रश्न विचारण्याची परवानगी घेतलीस. ती ओळ वाचून दाखविलीस. आणि विचारलेस, "जुन्या प्रोग्रॅममध्ये होत असे तशी, म्हणजे कशी? ते कुठे लिहिलंय?" कंपनीच्या प्रतिनिधीने उत्तर दिले की त्याची काळजी नको, त्यांचा प्रोग्रॅम ते बरोबर करतो. तेव्हा नव्या सभासदांपैकी एका वयस्कर बाईंनी, ज्यांना तू ओळखतही नव्हतास, पुरवणी समोर ओढली आणि ते पान पहिल्यांदा उघडले. तू लिहितोस की त्यानंतर खोलीत बराच वेळ पाने उलटल्याचा आवाज येत राहिला. हे वाक्य मला फार आवडले.

पुरवणी नामंजूर झाली नाही, परत पाठविली गेली. ते ती पुन्हा आणतील, आणि अधिक माणसे घेऊन आणतील. हेही तू लिहिलेस. तुला समितीवरून काढले आहे आणि कंपनीत दुसऱ्या कामावर, खालच्या मजल्यावर बसविले आहे. तेथे खिडकी नाही असे उझ्मा म्हणाली. तू ते लिहिले नाहीस. तुझे लपविणे कोठून आले आहे हे मला ठाऊक आहे.

शाबासकी वगैरे मी लिहीत नाही. या पत्रात तुझे अक्षर सुधारले आहे, एवढे नमूद करतो.

आता गावचे. छबूबाईचे कोळपे पाहिल्यावर माझ्या मनात एक गोष्ट आली, आणि ती मी चावडीवर मांडली. एजन्सी माप सांगत नसेल तर न सांगो. यंत्रे आता पुष्कळांनी घेतली आहेत, ती आपल्याच शेतात उभी आहेत. ती वेशीत आणावीत, फणांचे अंतर घ्यावे आणि दगडावर जुन्या खाचांच्या खाली नवी ओळ पाडावी. शेजारी साल कोरावे. पुढील वर्षी मॉडेल बदलले तर आणखी एक ओळ. मग लोहार असो, वेल्डिंगवाला असो, ज्याला येते त्याने त्या मापाचे कोळपे करावे.

कोणी म्हणाले, अशाने दगड भरून जाईल. छबूबाई म्हणाली, "दगुड मोटा हाय. कंपनी दमंल."

यावेळी कोणाला हात वर करावयास सांगितले नाही. ज्याला पटेल त्याने आपले यंत्र १९ तारखेच्या रविवारी वेशीत आणावे, इतकेच ठरले. किती येतील हे मला माहीत नाही. ते पाहण्याची मला फार उत्सुकता आहे.

तू हॉटेलवाल्याकडे वाकस परत मागावयास गेला होतास आणि त्याने ती दिली नाही, हेही उझ्माकडून कळले. पुन्हा जाऊ नकोस. मी चहाला थांबलो होतो तेव्हा एका लहान मुलीने वाकसेकडे बोट दाखवून आपल्या वडिलांना विचारले, हे काय आहे? त्यांना सांगता येईना. मग मी सांगितले. चार लोक बघतील असे तू म्हणाला होतास. निदान दोघांनी पाहिले. राहू दे तेथे.

शिवाय दगडाला वाकस चालत नाही. छिन्नी लागते, ती माझ्याकडे आहे. अडचण एवढीच की पेरणीयंत्र जड असते. त्याचे फण दगडाच्या कडेशी आणून, मी खूण करीपर्यंत हलू न देता धरून ठेवणारा दुसरा माणूस हवा. गावात माणसे पुष्कळ आहेत. परंतु मी खूण करताना ज्याचा हात हलणार नाही अशी खात्री मला एकाचीच आहे.

रविवारी सकाळी. उझ्मालाही आणावे.

तुझा अब्बा,
हैदर